चौथरा आधी, घर मागाहून

मुंबईहून शिमग्याला गावी आलेल्या माणसांच्या बोलण्यात हल्ली ‘तयार घर’ हा विषय हमखास निघतो. चिरे महागले, गवंडी वेळेवर मिळत नाही, रजा जेमतेम पंधरा दिवसांची. अशा वेळी कारखान्यात घडवलेलं घर ट्रेलरवरून यावं आणि क्रेनने जागेवर बसावं, ही कल्पना कुणालाही आवडेल. मलाही आवडते. मात्र रत्नागिरीत असं घर घेणाऱ्याने त्याच्या चित्राआधी आपली जमीन, वाट आणि पाऊस यांचा विचार करावा, एवढंच मला कळकळीने सांगायचं आहे.

कारखान्यातून घराचा भाग येणं आपल्याला नवं नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौलं कोकणातल्या घराघरांवर चढली. फाळणीनंतर निर्वासितांसाठी सरकारने १९४८ मध्ये दिल्लीत घरांचाच कारखाना उभारला; तोच पुढे ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ झाला. आपल्या जिल्ह्यात तयार घर लोकांनी जवळून पाहिलं ते आपत्तीत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि बेघर झालेल्यांना कंटेनरमध्ये राहावं लागलं. २०२३ मध्ये रायगडातल्या इर्शाळवाडीच्या लोकांवरही तीच वेळ आली. त्यामुळे तयार घर म्हणजे तापणारा पत्र्याचा खोका, असं मनात बसलं. पण कंटेनर हा एक प्रकार झाला. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पफ पॅनलची घरं वेगळी, आणि हलक्या पोलादी सांगाड्यावर सिमेंटचे बोर्ड ठोकून केलेली त्याहून वेगळी. कायम राहायचं असेल तर मी तिसऱ्या प्रकाराकडे वळेन.

त्याचं एक कारण वाट हे आहे. वीस फुटी कंटेनर आठ फूट रुंद असतो. आंबा घाटाची वळणं तो पार करतो; अडतो तो वाडीत शिरताना. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर फणसाची फांदी, त्याखाली विजेच्या तारा. पाखाडी असेल तर विषयच संपला. सांगाड्याचं घर सुट्या भागांत येतं आणि चार माणसं ते खांद्यावरून आत नेऊ शकतात.

माझ्या मावसभावाने पावसच्या बाजूला दोन खोल्यांचं घर बसवलं. घर दोन दिवसांत उभं राहिलं, पण मागचं दार उंबऱ्याला घासू लागलं. कंपनीच्या माणसांनी बिजागऱ्या बदलून पाहिल्या. शेवटी गावच्या गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरलं आणि एक टोक पुढच्या कोपऱ्याला, दुसरं मागच्या कोपऱ्याला धरलं. पाण्याने लगेच सांगितलं: मागचा कोपरा पाऊण इंच खाली होता. तिथे भराव होता, आणि तो एकही पावसाळा न बसवता त्यावर जोतं बांधलं होतं. चिऱ्याच्या भिंतीत गवंडी असा फरक थर लावता लावता मारून नेतो. कारखान्यातून मापात आलेलं घर तो सोसत नाही. म्हणून जोतं एका उन्हाळ्यात बांधावं, पाऊस त्यावरून जाऊ द्यावा आणि घर दसऱ्यानंतर आणावं. सड्यावर कातळ लागला तर उत्तमच. त्यात भोकं पाडून सांगाड्याचे बोल्ट पक्के बसवता येतात.

बोल्टांबाबत काटकसर नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात छपरं कशी उडवली, ते आपण पाहिलं आहे. खाऱ्या हवेत गंजाची सुरुवात पत्रा कापलेल्या कडेवर आणि स्क्रूच्या टोपीखाली होते: आधी रंगाला फुगा, मग तांबूस ओघळ. आपल्याकडे पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, तेव्हा सपाट छप्पर घेऊच नये. वर उतरतं दुसरं छप्पर करून चारी बाजूंनी ते तीन फूट बाहेर काढावं. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात, पत्र्यावरचा आवाज थोपतो आणि वैशाखातही खोली सुसह्य राहते.

‘हलवता येतं, मग परवानगी कशाला?’ असं विक्रेते सांगतात. त्यावर विसंबू नका. सातबारा, जमिनीचा बिनशेती वापर, ग्रामपंचायत आणि किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेड, हे सगळं पाहावंच लागतं. अमेरिकेत अशा घरांना १९७६ पासून एकच केंद्रीय नियमावली लागू आहे. आपल्याकडे तसा एक शिक्का नसल्याने पत्र्याची जाडी, जस्ताचा थर, वाऱ्याचा हिशेब आणि गळतीची हमी करारात लिहून घ्यावी. क्रेन आणि जोतं कुणाच्या खर्चात, हेही त्यातच लिहावं.

आणखी एक गोष्ट कारखान्यातल्या इंजिनिअरला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. गणपतीच्या वर माटवी बांधायची असते. नारळ, शिपटं, तवसं, आंब्याचे टाळे यांचं ओझं पफ पॅनल पेलत नाही. खिळा मारला की पत्रा फाटतो. मावसभावाने पहिल्या वर्षी माटवी बांबूच्या चार खांबांवर उभी केली. नंतर छताच्या पोलादी पट्टीला चार कड्या जोडून घेतल्या. आता घरातली पोरं त्या कड्यांना वर्षभर झोपाळा टांगतात.