संशयाची सुई आणि बाईचा चेहरा

राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'मध्ये (१९६४) एक वकील आपल्या बायकोला अग्नी देऊन येतो. पुढे पोलिसांनी पकडलेली एक बाई कोर्टात उभी राहते. चेहरा हुबेहूब तिचाच, आणि मीच तुमची बायको, असं ती ठासून सांगते. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचा हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर बेतलेला. दोनच वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून सुनील दत्त आणि साधना यांना घेऊन 'मेरा साया' केला. आमच्या नंदुरबार-शहाद्याकडे हिंदीचा पगडा मोठा, त्यामुळे 'मेरा साया' घरोघरी ठाऊक. त्याचं मूळ मराठी आहे हे मात्र अजूनही सांगावं लागतं.

शेवट ठाऊक असूनही मी 'पाठलाग' पुन्हा बघतो, आणि त्याला कारण आहे. ती बाई नवऱ्याच्या संसारातल्या खुणा एकेक करून सांगते, घरातल्या माणसाशिवाय कोणालाही माहीत नसतील अशा, आणि तरीही कोर्ट, नवरा आणि आपण प्रेक्षक तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नसतो. उत्तम सस्पेन्सची माझी कसोटी तीच आहे. खुनी शोधता शोधता त्याने आपल्याच संशयाला तपासायला लावलं पाहिजे.

जुन्या हॉलिवूडला हे फार नेमकं कळलं होतं. जॉर्ज क्युकरच्या 'गॅसलाइट'मध्ये (१९४४) नवरा बायकोला पटवत राहतो की तिचंच डोकं फिरलं आहे. घरातले गॅसचे दिवे मंद होतात ते तिला दिसतं, पण तिच्या डोळ्यांवर तिचाच भरवसा उरत नाही. इंग्रिड बर्गमनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. हिचकॉकच्या 'रेबेका'त (१९४०) नवी नवरी मोठ्या वाड्यात येते आणि मेलेल्या पहिल्या बायकोच्या सावलीत गुदमरते. ही गोष्ट हिंदीत 'कोहरा' (१९६४) होऊन आली, दिग्दर्शक बीरेन नाग. जुडिथ अँडरसनने इंग्रजीत केलेली घर सांभाळणाऱ्या बाईची जरब इथे ललिता पवारांच्या वाट्याला आली. येवल्यात जन्मलेल्या या बाईंना लोक खाष्ट सासू म्हणूनच ओळखतात. 'कोहरा'त त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी वहिदा रेहमानसोबत आपणही दचकतो.

आणि नंदा. मास्टर विनायकांची ही मुलगी 'छोटी बहन'मुळे साऱ्या देशाची बहीण झाली होती. बी. आर. चोप्रांच्या गाणी नसलेल्या 'कानून'मध्ये (१९६०) ती आहे, राजा नवाथे यांच्या 'गुमनाम'मध्ये (१९६५) ती आहे. पण यश चोप्रांनी 'इत्तेफाक'मध्ये (१९६९) तिच्या या सोज्वळ प्रतिमेचाच हत्यारासारखा वापर केला. पावसाळी रात्र, एकटी बाई, बायकोच्या खुनाचा आरोप असलेला पळून आलेला राजेश खन्ना. याही चित्रपटात एकही गाणं नाही. कोणाला घाबरायचं हे आपण पहिल्या काही मिनिटांतच ठरवून टाकतो आणि तिथेच फसतो. या गोष्टीचा प्रवासही आम्हाला जवळचा. मूळ परदेशी कथा 'धुम्मस' या गुजराती नाटकातून हिंदीत आली. नवापूरच्या स्टेशनाचा निम्मा भाग गुजरातेत आणि निम्मा महाराष्ट्रात. अशा मुलखातल्या माणसाला गुजराती रंगभूमी परकी वाटत नाही. नंदाचं नाव घेताना आपण 'इत्तेफाक' आधी घ्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मराठीत पुढचा मोठा टप्पा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६). वसंत जोगळेकरांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, आणि आशा काळे यांची भेदरलेली नायिका. गाणी अजून वाजतात; भुताच्या भीतीमागचं मन उकलू पाहणारा त्यातला डॉक्टर मात्र लोक विसरले. त्यानंतर बराच काळ आपला सस्पेन्स पुस्तकांतच जास्त जगला: बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय होतेच, त्यांच्या जोडीला सुहास शिरवळकर, रत्नाकर मतकरी आणि 'नवल'सारखे दिवाळी अंक.

आता मोबाइलवरच्या मालिका. शिरवळकरांच्या कादंबरीवरची 'समांतर' (२०२०) स्वप्निल जोशी आणि नितीश भारद्वाज यांच्यामुळे पकड घेते. तळहाताची रेषा जुळलेल्या दोन माणसांची कल्पनाच जबर आहे. दुसरा भाग मला लांबवलेला वाटला. प्रत्येक भाग धक्क्यावर तोडायचा या सक्तीने पात्रांना श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि हा दोष आज बहुतेक मालिकांत आहे. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' या चित्रपटाने (२०१७) अशी घाई टाळली. उसाच्या फडात अडकलेलं घर, पूजा सावंतची गरोदर नायिका, उषा नाईकांची गोड बोलणारी म्हातारी. शहाद्याकडचा उसाचा पट्टा ज्याने रात्री पाहिला आहे त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. भुताआड इथे मुलगी नको असणारं घर उभं आहे, म्हणून चित्रपट टिकतो.

'मानवत मर्डर्स' (२०२४) मी सर्वांत गंभीरपणे पाहिली. परभणी जिल्ह्यातलं १९७२ ते १९७४ या काळातलं खूनसत्र, आशुतोष गोवारीकरांनी रंगवलेले तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी, सई ताम्हणकर आणि सोनाली कुलकर्णी. दिग्दर्शन आशिष बेंडे यांचं. बळी बहुतेक मुली आणि बायका, मागे अंधश्रद्धा. ती पाहताना सातपुडा आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आजारपण आलं, जनावर दगावलं की कुणा बाईला डाकीण ठरवल्याच्या घटना घडत आल्या आहेत. बोट दाखवतात ते बहुधा जवळचेच, कधी भाऊबंद तर कधी शेजारी, आणि अनेकदा मुळाशी जमिनीचा तुकडा असतो. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते इथे वर्षानुवर्षं पायपीट करतात, तरी संशय संपलेला नाही. इथे पुरावा कोणी मागत नाही, उलटतपासणी होत नाही, आणि 'पाठलाग'मधल्या बाईला निदान मिळालं तेवढं कोर्टही डाकीण ठरवलेल्या बाईला मिळत नाही.

या विषयावर भिलोरी-पावरी बोलणारी, सातपुड्यातच चित्रित झालेली मोठी सस्पेन्स मालिका माझ्या पाहण्यात नाही. आमच्या जिल्ह्यातली आदिवासी मुलं आज मोबाइलवर स्वतःच्या बोलीत गाणी आणि लघुपट करतात. त्यांना गोष्ट सापडायला मुंबईला जावं लागणार नाही. मराठी निर्मात्यांनी या मुलांपर्यंत यावं, त्यांच्याकडून लिहून घ्यावं आणि त्यांनाच दिग्दर्शन करू द्यावं.