गॅस संपला नव्हता!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या फ्रीजने आम्हाला चांगलेच कोड्यात टाकले. वर फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा, आणि खालच्या कप्प्यातील दूध मात्र सकाळी नासलेले. दूध नासले तर कोरा चहा पिता येतो. परंतु त्याच कप्प्यात आईची इन्सुलिनची बाटली होती. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, आणि बर्फात गोठली तर टाकूनच द्यावी लागते.

बाटली शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये ठेवली आणि मेकॅनिकला बोलावले. त्याने उभ्या उभ्या निकाल दिला, "गॅस गेलाय. साडेतीन हजार होतील." महिनाअखेर होती. आम्ही पडलो हिशेबाचे माणूस. मनात आले, गॅस गेला असता तर सहसा फ्रीजरही ढेपाळला असता. मग वर एवढा बर्फ कसा?

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंडावा देणारी नळी फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड असते. तिथली थंड हवा पंखा खाली ढकलतो. हवेतील ओल नळीवर गोठते. ती वितळवण्यासाठी तिथे एक हीटर ठराविक वेळाने आपोआप चालू होतो. पाणी भोकातून मागच्या तबकडीत उतरते आणि वाळून जाते. हीटर, त्याचा थर्मोस्टॅट किंवा टायमर बिघडला की बर्फ साचत जातो, हवेची वाट बंद होते आणि खालचा कप्पा तापतो.

आम्ही प्लग काढला, सामान हलवले, दोन्ही दारे उघडी ठेवली, खाली जुनी लुगडी अंथरली आणि २४ तास थांबलो. पुन्हा चालू करताच काही तासांत खालचा कप्पा गार झाला. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे! म्हणजे दोष गॅसचा नसून बर्फ वितळवण्याच्या व्यवस्थेचा. दुसऱ्या कारागिराने मीटर लावून हीटर तुटल्याचे दाखवले. पहिल्याने सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झाले.

एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये हे काम आपल्यालाच करावे लागते. बर्फाचा थर पाव इंच झाला की बटण दाबावे किंवा प्लग काढावा. सुरी, उलथने, स्क्रू-ड्रायव्हर यांनी बर्फ कधीही खरवडू नये. नळीला भोक पडले की गॅस खरोखरच जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो.

बर्फ लवकर साचत असेल तर आधी दाराचे रबर तपासा. दारात कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर तिथून ओली हवा आत शिरते. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. गरम भाजी आत ठेवू नका. भाजीच्या ट्रेमध्ये पाणी साचत असेल, तर प्लग काढून निचऱ्याच्या भोकात पिचकारीने कोमट पाणी सोडा.

आतील वायर आणि हीटरला मात्र घरच्यांनी हात लावू नये. ते जाणकाराचेच काम. पण त्याला प्रश्न विचारणे हे आपले काम आहे. काय बिघडले ते दाखवायला सांगा, जुना भाग मागून घ्या, पावती घ्या. घामाचा पैसा आहे, तो विचारूनच खर्च व्हावा.

आईची बाटली आता पुन्हा आमच्याच फ्रीजमध्ये, दारापासून दूर मधल्या फळीवर आहे.