स्वसंरक्षण : सांगायचे कोणी, ठरवायचे कोणी?

ओळख कायद्याची : भाग ९

मागील भागात अटकेचे नियम पाहिले. आरोपीने विरोध केला तर पोलीस आवश्यक तेवढे बळ वापरू शकतात, इथवर आपण आलो होतो. आता त्यापुढचा प्रश्न : त्या बळात जीवच गेला तर? १९८२ साली वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला, तेव्हापासून ‘चकमकीत ठार’ ही बातमी मुंबईकरांच्या ओळखीची आहे. तिच्यातले एक वाक्यही ठरलेले असते : पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली. या वाक्याला कायद्याच्या दृष्टीने किती वजन आहे?

स्वसंरक्षणाचा वेगळा पोलिसी अधिकार असतो, असा अनेकांचा समज आहे. तसा तो नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी (जुन्या दंड संहितेतील ९६ ते १०६) जो हक्क तुम्हाआम्हाला दिला, तोच हवालदाराला आणि निरीक्षकालाही. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा मोजक्या प्रसंगी हल्लेखोराचा जीव घेतला तरी तो गुन्हा ठरत नाही. मात्र बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. हल्लेखोर निःशस्त्र होऊन जेरबंद झाला की हा हक्कही तिथेच संपतो.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. खुनाचा आरोप सरकार पक्षाने सिद्ध करायचा असतो. ‘मी स्वतःला वाचवत होतो’ हा अपवाद मात्र आरोपीने दाखवून द्यावा लागतो. तो संशयापलीकडे सिद्ध करण्याची गरज नसते, शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले तरी पुरते. प्राणावर बेतलेल्या क्षणी माणसाने सोन्याच्या काट्यावर तोलून वार करावा, अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत. पण हे तोलायचे न्यायालयात, पोलीस ठाण्याच्या प्रसिद्धिपत्रकात नव्हे.

खरी मेख इथेच आहे. चकमकीनंतर गुन्हा नोंदवला जातो तो बहुधा मृतावर, पोलिसांवर हल्ला केल्याचा. आरोपीच हयात नसल्याने खटला उभा राहत नाही. ज्याने गोळी झाडली त्याचे म्हणणे उलटतपासणीशिवायच अंतिम ठरते. दावा आणि निकाल एकाच हातून लिहिले जातात.

११ नोव्हेंबर २००६ रोजी वर्सोव्यात लखनभैया नावाचा गुंड चकमकीत मारला गेल्याचे पोलिसांनी सांगितले. त्याआधीच, त्याला वाशीतून उचलून नेल्याच्या तारा आणि फॅक्स त्याच्या वकील भावाने वरिष्ठांकडे पाठवले होते. उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमल्यावर प्रकरणाचा रंग पालटला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांची २०१३ मधील निर्दोष सुटका रद्द करून त्यांनाही दोषी धरले. घरात वकील नसता, तर पहिल्या दिवशीची पोलिसी हकीकतच कायम राहिली असती.

१९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली. त्याबाबतच्या पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १६ निर्देश दिले. गुप्त खबर लेखी नोंदवा, एफआयआर दाखल करा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, शवविच्छेदनाचे चित्रीकरण करा, शस्त्रे तपासणीसाठी जमा करा, लगोलग बढती वा शौर्यपदक देऊ नका. यातला प्रत्येक निर्देश दावा करणारा आणि तपासणारा यांना वेगळे ठेवण्यासाठी आहे.

बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणाचा आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्ये मारला गेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावले, असे सांगण्यात आले. मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने मात्र स्वसंरक्षणाचा दावा संशयास्पद ठरवून पाच पोलिसांना मृत्यूस जबाबदार धरले. तरीही गुन्हा नोंदवण्यासाठी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

लोकांचा संताप खोटा नसतो. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, साक्षीदार फितूर होतात, म्हणून गोळीचा न्याय गोड लागतो. पण दिरंगाईवरचा उपाय न्यायालये वाढवणे आणि तपास सुधारणे हा आहे. संशयिताला मारल्याने खटलाच मरतो. तो खरोखर गुन्हेगार होता का, त्याच्यामागे आणखी कोणी होते का, हे कधीच कळत नाही.

‘मग पोलिसांनी मरायचे का?’ असे विचारले जाते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवरील हल्ल्यात, गिरगाव चौपाटीवर पोलीस दलातील तुकाराम ओंबळे यांनी जिवाची बाजी लावून दहशतवादी कसाबला धरले. त्याचा साथीदार पोलिसांच्या गोळीने मेला. त्या गोळीबाराचे समर्थन कुठल्याही न्यायालयात करता आले असते. खऱ्या स्वसंरक्षणाला चौकशीची भीती नसते. उलट चौकशीमुळेच प्रामाणिक पोलिसाचे नाव बनावट चकमकींच्या यादीपासून वेगळे राहते.

पुढील भागात : न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी म्हणजे काय, आणि मृताच्या नातेवाइकांना तीत कोणते हक्क असतात?