ऑनलाइन गुलाब मागवताय? आधी ‘डोळा’ बघा, मग पैसे द्या

मोबाईलवर एकदा गुलाबाचा फोटो बघितला की पुढचे चार दिवस रोपांच्याच जाहिराती दिसत राहतात. ‘पाच रंगांचे पाच गुलाब, घरपोच, आजच ऑर्डर करा.’ अंगणात, तुळशीशेजारी एखादा चांगला गुलाब असावा, देवाला रोज घरचं फूल मिळावं, असं कुणाला वाटत नाही? त्यामुळे आता खेड्यापाड्यांतूनही रोपांची ऑर्डर जाऊ लागली आहे. पण नंतर दोन तक्रारी हमखास ऐकायला येतात. एक म्हणजे ‘रोप वाळूनच आलं’ आणि दुसरी, ‘पहिल्या वर्षी छान फुललं, मग जंगली झालं’. गुलाबाचं रोप कसं तयार होतं हे कळलं, तर या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी टाळता येतात.

एका कुंडीत दोन झाडं

मोठ्या, टपोऱ्या फुलाचा गुलाब म्हणून नर्सरीत जे रोप मिळतं, ते बहुतेक वेळा दोन झाडं जोडून केलेलं असतं. खाली जंगली गुलाबाचा खुंट असतो. मल्टिफ्लोरा, इंडिका अशा काटक जाती त्यासाठी वापरतात. या खुंटाच्या सालीत चांगल्या जातीचा एक डोळा बसवतात आणि वर पट्टी गुंडाळतात. यालाच डोळा भरणे म्हणतात. डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकतात. म्हणजे मुळं जंगली गुलाबाची आणि फूल आपल्याला हवं ते.

जोडाच्या जागी थोडी गाठ दिसते, तोच ‘डोळा’. रोप घेताना, लावताना आणि पुढे सांभाळताना लक्ष ठेवायचं ते याच गाठीवर.

बी आणि निळा गुलाब

ऑनलाइन बाजारात निळ्या, काळ्या, सप्तरंगी गुलाबाचं ‘बी’ मिळतं. त्यात पैसे घालू नयेत. गुलाबाच्या बियांपासून आलेलं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते, म्हणूनच नर्सरीवाले डोळा भरतात.

निळ्या रंगासाठी लागणारं रंगद्रव्य गुलाबात नैसर्गिकपणे तयार होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकात बदल करून असा गुलाब तयार केला आणि २००९ पासून तो जपानमध्ये विक्रीला आणला. तोही प्रत्यक्षात जांभळटच दिसतो. फोटोतले गडद निळे गुलाब हे रंगात बुडवलेले तरी असतात, नाहीतर कॉम्प्युटरवर रंगवलेले.

परदेशी साइटवरूनही रोप किंवा बी मागवू नये. त्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं.

ऑर्डर करण्याआधी विचारायच्या गोष्टी

१. रोप डोळा भरलेलं आहे की काडीपासून केलेलं?
२. पाठवायच्या रोपाचा, जोड दिसेल असा फोटो मिळेल का? फुलाचा फोटो कुणीही टाकतो.
३. रोप मातीच्या हुंडीसह येणार का?
४. गावच्या पिनकोडवर पार्सल पोस्टाने घरपोच येणार की कुरिअर तालुक्याला थांबणार? तालुक्याला दोन दिवस पडून राहिलेलं रोप निम्मं वाळतं.
५. रोप मेलेलं आलं तर काय? किती तासांत फोटो पाठवायचा, हे आधीच लेखी घ्यावं.

विक्रेत्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर दिसत नसेल, फक्त व्हॉट्सॲप नंबर आणि क्यूआर कोड असेल, तर तिथून मागवू नये. पहिल्यांदा मागवताना एक-दोन रोपंच घ्यावीत. शक्य असेल तर पैसे पार्सल हातात आल्यावर द्यावेत.

केव्हा मागवावं?

एप्रिल-मे टाळावा. बंद खोक्यात, तापलेल्या गाडीत रोप उकडून निघतं. पाऊस स्थिरावल्यावर किंवा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरपासून थंडीपर्यंतचा काळ बरा. पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला, सोमवारी-मंगळवारी पाठवायला सांगावं, म्हणजे ते रविवारच्या सुट्टीत अडकत नाही.

पार्सल आल्यावर

खोकं उघडण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ सुरू करावा. पत्त्याचं लेबल, खोकं उघडणं आणि रोपाची अवस्था, सगळं एकाच व्हिडिओत यावं. तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा.

पानं पिवळी पडली किंवा गळाली म्हणून घाबरू नये, प्रवासात तसं होतंच. नखाने खोडाची साल किंचित खरवडून बघावी. आत हिरवं दिसलं तर रोप जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर तेवढा भाग मेला आहे. हिरवं कुठेच दिसलं नाही, तर लगेच विक्रेत्याला व्हिडिओ पाठवावा.

आल्याबरोबर रोप उन्हात ठेवू नये. हुंडीला पाणी द्यावं आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवावं. मग सकाळचं ऊन, आणि हळूहळू पूर्ण ऊन.

लावताना जोड मातीच्या वर

मुळांभोवतीचं प्लॅस्टिक कापून काढावं, पण हुंडी फोडू नये. जोडावरची पट्टी खोडात रुतत असेल तर ब्लेडने अलगद सोडवावी. जोड मातीच्या दोन-तीन बोटं वर राहील असं रोप लावावं.

कुंडीत नुसती काळी माती भरू नये, पाणी साचून मुळं कुजतात. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू पुरे. तेलाचा जुना डबाही चालतो, पण तळाला भोकं हवीत. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा बघावी. पहिला महिनाभर रासायनिक खत देऊ नये.

गुलाब ‘जंगली’ का होतो?

चांगला गुलाब आपोआप जंगली होत नाही. जोडाच्या खालून खुंटाला फूट येते. ती जोमाने वाढते आणि अन्न-पाणी ओढून घेते. वरची चांगली फांदी उपाशी मरते आणि उरतो तो खुंट. मग बारीक फुलांचे घोस येतात, नाहीतर फुलंच येत नाहीत.

‘सात पानांची फांदी जंगली, पाच पानांची चांगली’ असं सांगितलं जातं, पण काही चांगल्या जातींनाही सात पानं येतात. त्यामुळे पानं मोजत बसू नये, फांदी कुठून निघाली ते बघावं. जोडाच्या खालून आली असेल तर बुडापासून ओढून काढावी. नुसती वरून कापली तर पुन्हा फुटते. जोड मातीत गाडला गेला असेल तर हे ओळखताच येत नाही, म्हणून तो वर ठेवायचा.

फसवणूक झाली तर

जाहिरातीत दाखवलं त्यापेक्षा वेगळा किंवा खराब माल आला तर विक्रेता परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये तसं स्पष्ट आहे. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एक महिन्यात तक्रार सोडवायची असते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा.

‘पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हटलं तर फोन ठेवावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की खात्यातून पैसे जातात. ‘पत्ता अपुरा आहे, लिंक उघडून दुरुस्त करा’ असे पोस्टाच्या नावाने येणारे मेसेजही फसवे असतात. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर कळवावं.

पैसे न घालवताही गुलाब

देवासाठी सुवासिक फूल एवढंच हवं असेल तर गावठी गुलाबासारखा दुसरा नाही. पावसाळ्यात शेजाऱ्यांकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर काडी आणावी, दोन डोळे मातीत आणि बाकीचे वर ठेवून सावलीत लावावी. एकाच वेळी चार-पाच काड्या लावाव्यात, म्हणजे त्यातल्या एक-दोन तरी जगतात. या झाडाला खुंट नसतो, म्हणून ते जंगली होण्याचा प्रश्नच येत नाही. टपोरा, रंगीत गुलाब हवा असेल तर आधी जवळच्या नर्सरीत किंवा कृषी विज्ञान केंद्रात रोप मिळतं का ते विचारावं. तिथे जोड स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेता येतो.