परदेशस्थ विद्यार्थी आणि त्यांचें विद्यापीठ

महसुली दफ्तरांत आमची हयात गेली. खातेदार मुंबईस गेला तरी त्याचें खातें गांवींच राहतें. परंतु वेळच्या वेळीं फेरफार नोंदला नाहीं, तर पुढें वारसांचा मागमूस लागत नाहीं. परदेशांतील विद्यापीठें आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या बाबतींत ही दक्षता कशी घेतात, तें वाचकांपुढें ठेवतों.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व १९१६ सालीं तेथून निघाले. संबंध मात्र तुटला नाहीं. १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथास त्यांचे गुरु प्रा. सेलिगमन यांनीं प्रस्तावना लिहिली. १९२७ सालीं विद्यापीठानें त्यांस पीएच. डी. दिली. १९३० सालीं तेथील माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांत आंबेडकरांनीं आपल्या गुरूंचें व सहाध्यायांचें स्मरण केलें. आणि १९५२ सालीं विद्यापीठानें त्यांस सन्माननीय एलएल. डी. अर्पण केली. निघाल्यापासून छत्तीस वर्षें हा धागा टिकला.

याचें मर्म साधें आहे. पत्त्यांची नोंद अद्ययावत ठेवणें, नियमानें वार्तापत्र धाडणें, दूरच्या शहरीं मेळावे भरविणें आणि विद्यार्थ्याच्या कर्तृत्वाची कदर करणें, हीं कामें आधीं. द्रव्याची मागणी मागून. मुंबईच्या आय. आय. टी.तून १९६७ सालीं पदवी घेऊन अमेरिकेस गेलेले कंवल रेखी यांच्या देणगींतून त्या संस्थेंत त्यांच्या नांवाचें माहिती-तंत्रज्ञानाचें विद्यालय उभें राहिलें, तें तीस वर्षांनंतर. पेरल्या दिवशीं कोणी खळें करीत नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. डिंगोरें, ओतूर, जुन्नर या बाजूचीं मुलें शिकून पुण्या-मुंबईस व समुद्रापारहि जातात. यात्रेस येतात, वर्गणी देतात, परत जातात. वर्गणीची पावती फाडली जाते. पत्ता मात्र कोणी लिहून घेत नाहीं.

शाळा व शेतकरी संघ यांनीं मिळून एक वही घालावी. तींत नांव, शाळा सोडल्याचें साल, शिक्षण, व्यवसाय व पत्ता हे पांच रकाने पुरेत. दर दिवाळीस प्रत्येकास पाऊसपाणी, पिकें व शाळा यांची हकीकत कळवावी, आणि कांदा साठवणीसारखा एखादा प्रश्न विचारावा. पहिल्या पत्रांत पैसा मागूं नये. आपली आठवण गांवास आहे एवढें ज्यास कळलें, तो पुढें ज्ञान देईल, गांवच्या दुसऱ्या मुलास वाट दाखवील. वहीस खर्च थोडा. ती न घातल्यास होणारें नुकसान मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचें आहे.