पर्यावरणशास्त्रज्ञांचे मानांकन : संदर्भोल्लेखांचे गणित व त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :
शोधनिबंधाच्या अखेरीस दिलेली संदर्भसूची ही पूर्वसूरींच्या ऋणाची नोंद असते. या नोंदींची पद्धतशीर सूची करावी, ही कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडली आणि १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' उपलब्ध झाला. ग्रंथशोधासाठी निर्माण झालेले हे साधन पुढे संशोधकांच्या मूल्यमापनासाठी वापरले जाऊ लागले. आज 'आघाडीचे दोन टक्के शास्त्रज्ञ' या यादीत नाव येणे हा संस्थेच्या प्रतिष्ठेचा विषय ठरतो. म्हणून हे स्थान कसे ठरते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एच-निर्देशांक :
भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली हा निर्देशांक सुचविला. समजा, एका संशोधकाच्या पाच निबंधांना अनुक्रमे १०, ९, ८, ७ व ५ संदर्भोल्लेख मिळाले. किमान पाच उल्लेख मिळालेले पाच निबंध असल्याने त्याचा एच-निर्देशांक ५ होतो. दुसऱ्याच्या निबंधांना ५००, ३, २, १ व ० उल्लेख असतील, तर एकूण उल्लेख ५०६ असूनही त्याचा निर्देशांक केवळ २ भरतो. सातत्याला महत्त्व देणारे हे माप एखाद्या युगप्रवर्तक निबंधाला न्याय देत नाही. तसेच सहलेखक दोन असोत वा पन्नास, प्रत्येकास पूर्ण श्रेय मिळते.

संमिश्र गुणांक :
या उणिवा कमी करण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन इओआनिडिस व सहकाऱ्यांनी २०१९ साली 'स्कोपस'मधील माहितीवर आधारित सूची प्रसिद्ध केली. तिच्यात सहा घटक एकत्र केले जातात : एकूण संदर्भोल्लेख, एच-निर्देशांक, सहलेखकांच्या संख्येनुसार श्रेय विभागणारा निर्देशांक, तसेच एकट्याने लिहिलेल्या, एकट्याने वा प्रथम लेखक म्हणून लिहिलेल्या आणि एकट्याने, प्रथम वा अंतिम लेखक म्हणून लिहिलेल्या निबंधांना मिळालेले उल्लेख. प्रत्येक घटकाचे लघुगणकीय मूल्य त्या घटकाच्या सर्वोच्च मूल्याशी ताडून बेरीज केली जाते. स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळूनही क्रमांक काढला जातो.

पर्यावरणशास्त्रातील अडचणी :
पहिली अडचण वर्गीकरणाची आहे. या सूचीत 'पर्यावरणविज्ञान' हा उपविषय भूविज्ञानासोबत, तर 'परिस्थितिकी' जीवशास्त्रात मोडते. संशोधकाचे बहुसंख्य निबंध ज्या उपविषयात, तेथे त्याची गणना होते. त्यामुळे जंगलाचा अभ्यासक आणि प्रदूषणाचा अभ्यासक वेगवेगळ्या स्पर्धेत उतरतात.

दुसरी अडचण कालावधीची आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवाईतील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे मापन सुरू केले. अशा नोंदींचे मोल दशके उलटल्यावरच कळते. अल्पकालीन मोजमापात ते दिसत नाही.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसरतज्ज्ञ समितीने २०११ साली अहवाल सादर केला. सहा राज्यांतील पर्वतरांगेशी निगडित आणि विकासाच्या निर्णयात ग्रामसभेला स्थान देऊ पाहणारा हा दस्तऐवज प्रदीर्घ सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. तथापि शासकीय अहवाल हा नियतकालिकातील निबंध नव्हे. त्यामुळे गुणांकात त्याची भर पडत नाही. मराठी वा अन्य देशी भाषांतून होणारे लोकशिक्षणही असेच बहुतांशी बेदखल राहते.

निष्कर्ष :
२०१२ सालच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या प्रभावांकावरून संशोधकाची पारख करू नये असे सुचविले, तर २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने संख्यात्मक निकष तज्ज्ञांच्या गुणात्मक मूल्यमापनास पूरक असावेत, असे प्रतिपादन केले. संदर्भोल्लेखांवरून एखाद्या कार्याची संशोधकांनी किती दखल घेतली, हे कळते. त्या कार्यामुळे नदी, डोंगर आणि तेथील माणसे यांचे काय झाले, हे कळत नाही. पर्यावरणशास्त्रात हा दुसरा प्रश्न गौण मानता येणार नाही. म्हणून निवड व पदोन्नतीच्या वेळी क्रमांकासोबत संशोधकाचे निबंध, अहवाल आणि क्षेत्रकार्य प्रत्यक्ष तपासले जाणे अगत्याचे आहे.