चित्र नसलेल्या घरांतला चित्रकार

अलीबागेच्या बाजूस ज्यांचें बालपण गेलें असेल त्या वाचकांस ‘शनवार तेली’ हें नांव नवें वाटणार नाहीं. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनीं बेने इस्रायल लोकांस दिलेलें हें नांव. घरांत भाषा मराठी, नेसणें मराठी; अब्राहाम-योसेफांचीं आख्यानेंही ते मराठी कीर्तनांतूनच गात. मंगलकार्य निघालें कीं एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नांवानें पोहे, नारळ, साखर व फळें यांचा मलिदा करावयाचा, ही त्यांची खास रीत. एलियाहू अग्निरथांतून स्वर्गीं गेला. त्या प्रयाणाच्या खुणा अलीबागेजवळ खंडाळें गांवच्या खडकावर आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे.

हाच एलियाहू कोंकणापासून शेंकडों कोस दूर, व्हितेब्स्क शहरांतल्या एका गरीब लांकडी घरांतही दर वर्षीं अपेक्षिला जाई. मिसर देशांतील दास्यांतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून यहुदी लोक वल्हांडणाचा सण पाळतात. त्या रात्रीं मेजावर द्राक्षरसाचा एक पेला एलियाहूसाठीं वेगळा भरून ठेवतात आणि तो यावा म्हणून घराचें दार उघडतात. वडील हें काम आपल्याला सांगत, असें मार्क शगाल यानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे. त्या दारांतून एलियाहू आला कीं नाहीं तें असो; शगालच्या चित्रांत मात्र पाठीवर झोळी घेतलेला, कधीं घरांच्या छपरांवरून तरंगत जाणारा एक म्हातारा जन्मभर येत राहिला.

शगालचा जन्म १८८७ सालचा. वडील खारवलेल्या माशांच्या वखारींत मजुरी करीत, आई लहानसें दुकान चालवी. घर कडव्या धर्मनिष्ठांचें. भिंतीला चित्र नाहीं, आणि चित्रकार हा शब्दही त्या वस्तींत कोणाच्या तोंडीं नव्हता. मोशेला मिळालेल्या दशाज्ञांपैकीं दुसरी आज्ञा कोरीव मूर्ति व प्रतिमा निषिद्ध ठरविते. देव्हाऱ्यांतील मूर्तींच्या सहवासांत वाढलेल्या आपल्यासारख्यांस हा निषेध कोरडा वाटण्याचा संभव आहे. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. परंतु तो सर्वकाळीं सारख्याच कडकपणें पाळला गेला असेंही नाहीं. सीरियांत युफ्रातीस नदीकांठीं दूरा-युरोपोस येथें १९३२ सालीं तिसऱ्या शतकांतील एक यहुदी प्रार्थनामंदिर उकरून काढण्यांत आलें, त्याच्या भिंती मोशेच्या व इतर प्रेषितांच्या चित्रांनीं भरलेल्या आढळल्या. पूजेसाठीं प्रतिमा करणें निराळें आणि कथा सांगण्यासाठीं करणें निराळें, हा विवेक तेव्हांही कोणीतरी केला होता.

शगालनें १९१४ सालीं काढलेलें प्रार्थना करणाऱ्या यहुद्याचें चित्र पाहावें. दारीं आलेल्या एका वृद्ध भिकाऱ्यास त्यानें थोडे पैसे देऊन बसविलें आणि आपल्या वडिलांचीं प्रार्थनेचीं वस्त्रें त्याच्या अंगावर घातलीं. ‘तल्लीत’ म्हणजे काळ्या पट्ट्यांची पांढरी शाल. तिच्या चारी कोपऱ्यांस गांठी मारलेले दोरे असतात, ते ईश्वराच्या आज्ञांचें स्मरण देतात. कपाळावर व डाव्या हातावर चामड्याच्या पट्ट्यांनीं बांधलेल्या लहान काळ्या डब्या असतात, त्यांत शास्त्रवचनें लिहिलेलीं असतात. चित्र बहुतेक काळ्या-पांढऱ्यांतच आहे. पहांटे सोवळें नेसून संध्येस बसलेले आपले आजोबा ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना त्या चेहऱ्यावरचा भाव समजावून सांगण्याचें कारण नाहीं. विशेष हें कीं, वस्त्र बापाचें आणि तोंड भिकाऱ्याचें. प्रार्थनेला उभा राहिलेला प्रत्येक जण एकाच पंक्तीचा. या चित्राच्या प्रती शगालनें स्वतःच पुढें काढल्या. त्यांपैकीं १९२३ ची एक शिकागोच्या कलासंग्रहालयांत आहे.

त्याच संग्रहालयांत ‘श्वेत क्रूसारोहण’ हें १९३८ सालचें चित्र आहे. त्या वर्षीं जर्मनींत यहुद्यांचीं प्रार्थनामंदिरें पाडलीं व जाळलीं गेलीं. चित्राच्या मध्यभागीं क्रूसावर येशू आहे; पण त्याच्या कमरेला वस्त्र आहे तें तल्लीत! पायाशीं दीप जळत आहेत. भोंवतीं पेटलेलें प्रार्थनामंदिर, उलथीं झालेलीं घरें, नावेंतून पळणारीं माणसें. एक जण धर्मग्रंथाची गुंडाळी उराशीं धरून निघाला आहे, दुसरी गुंडाळी जमिनीवर जळते आहे, आणि हिरव्या अंगरख्याचा तो आपला झोळीवाला येथेंही वाट चालतोच आहे. ज्याच्या नांवानें शतकानुशतकें यहुद्यांचा छळ झाला त्या येशूस यहुदी चित्रकारानें रंगवावें, हें त्याच्या समाजांतील कित्येकांस रुचलें नाहीं. त्यांचा राग आम्हांस अनाकलनीय वाटत नाहीं. तथापि शगालनें येशूपुढें मान तुकविलेली नाहीं. तुम्ही ज्याला पूजतां तो आमच्यांतलाच एक होता, आणि आज तुम्ही पुन्हां त्यालाच मारीत आहां, असें तो छळणाऱ्यांस सुनावीत आहे. प्रार्थनेच्या एका शालीनें जें सांगितलें तें दहा व्याख्यानांनीं सांगून झालें नसतें.

१९४१ सालीं शगाल अमेरिकेस पोहोंचला आणि त्याच वर्षीं जर्मन सैन्यानें व्हितेब्स्क घेऊन तेथील हजारों यहुद्यांस ठार केलें. तीं वांकडीं घरें, ते सारंगीवाले, तीं शनिवारचीं मेजें यानंतर मुख्यतः त्याच्या चित्रांतच उरलीं. तीं चित्रें रंगवितांना तो केवळ आपलें बालपण रंगवीत होता.

१९६२ सालीं जेरुसलेममधील हदासा रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरांत त्यानें रंगीत कांचेच्या बारा खिडक्या बसविल्या, इस्रायलाच्या बारा वंशांच्या. येथें दुसऱ्या आज्ञेचा मान राखून एकही माणूस रंगविलेला नाहीं. यहूदाचा सिंह, दानाचा सर्प, नफतालीची हरिणी, जबुलूनाचे मासे. यहूदाच्या लाल खिडकींत मात्र आशीर्वादासाठीं उंचावलेले दोन हात आहेत. अंगाशिवाय नुसते हात! निषेध पाळूनही माणूस आणण्याची ही युक्ति पाहून आम्हांस तर हसूं आलें. १९६७ च्या युद्धांत यांतील कांहीं खिडक्यांस इजा झाली, ती शगालनें दुरुस्त करून दिली.

शगाल १९८५ सालीं वारला. पण उघडलेलें तें दार आपल्याकडेही आहे. मुंबईच्या बेने इस्रायल घरांत जन्मलेल्या आणि सर जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या सियोना बेंजामिन या चित्रकर्त्री यहुदी धर्मग्रंथांतील सारा, रेबेका, एस्तेर यांस लघुचित्रांच्या बारीक रेषेनें रंगवितात, आणि या स्त्रियांची कांति निळी असते. तो वर्ण कोणाचा, हें मराठी घरांत सांगावें लागत नाहीं.